शब्द तेच, मग कुराणपठण दर आवाजात वेगळं का वाटतं?

तजवीदच्या, म्हणजे कुराण कसं उच्चारायचं याच्या नियमांनी उच्चार आणि स्वरांची लांबी ठरलेली असते, चाल मात्र नाही. ती कारी, म्हणजे पठण करणारा, त्या त्या वेळी घडवत जातो, वाद्याशिवाय. पठणाच्या दोन शैली: मुरत्तल सलग, सरळ असतं. मुजव्वदमध्ये एकच आयत (कुराणातलं वचन) निरनिराळ्या मकामांत, म्हणजे रागांसारख्या अरबी स्वरचौकटींत फिरते. इजिप्तचे कारी अब्दुल बासित (१९२७-१९८८) एका श्वासात केवढा पल्ला गाठतात! मला मात्र तिथलेच अल-मिन्शावी जास्त भिडतात, त्यांच्या आवाजात रडू दाटलेलं असतं. उच्चार शिकायचे असतील तर तिथलेच अल-हुसरी. अक्षर न् अक्षर स्वच्छ. रमजानमध्ये आपल्या नागपुरात, मोमिनपुऱ्यात तरावीहला (रमजानमधली रात्रीची नमाज) ऐकाल ते पठण बहुधा वेगवान असेल, कारण महिन्याभरात अख्खं कुराण पूर्ण करायचं असतं. फरक टिपायला सूरह रहमान (कुराणातला एक अध्याय) या तिघांकडून लागोपाठ ऐका. त्यात एकच आयत ३१ वेळा येते.