आधी दोनच खाती उघडा

संशोधकांसाठीच्या सगळ्या ऑनलाइन सेवांच्या मागे एकदम धावू नका. आधी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या. तो फुकट आणि 16 अंकी आहे, नोकरी बदलली तरी तोच राहतो. नोंदणी करताना खासगी ईमेलही द्या. मी फक्त संस्थेचा दिला होता. संस्था सुटली आणि पासवर्ड बदलायची वाटच बंद झाली!

मग झेनोडो, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायची साइट. ती सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था 2013पासून चालवते. एका नोंदीत 50 जीबीपर्यंत डेटा मावतो, वर डीओआय (DOI), म्हणजे त्या नोंदीचा कायमचा क्रमांकही मिळतो. नवखे चुकतात ते इथे:

- शोधनिबंधात नुसती गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) लिंक देतात. तिथली रेपॉझिटरी, म्हणजे फाइलींचा साठा, उद्या पुसली गेली तर? डीओआयच द्या.
- परवान्याकडे, म्हणजे इतरांना डेटा कसा वापरता येईल याच्या अटींकडे, बघत नाहीत.
- रीडमी, म्हणजे डेटाची माहिती देणारी फाइल, लिहीत नाहीत. निदान स्तंभांची नावं आणि एककं तरी लिहाच.

प्रकाशित केल्यावर फाइल बदलायची तर सहसा नवी आवृत्ती काढावी लागते. म्हणून आधी झेनोडोच्या सँडबॉक्सवर (सरावासाठीच्या वेगळ्या साइटवर) हवा तेवढा गोंधळ घाला.