प्रशिक्षणातील एक सहामाही परदेशी कार्यालयात काढावी का?

लंडनच्या लॉ फर्ममध्ये सॉलिसिटर होण्याचे प्रशिक्षण घेताना एखादी सहामाही परदेशातील कार्यालयात काढली तर खरोखर काही शिकायला मिळते, की ती केवळ मिरवण्यापुरती असते, असे आपण विचारले आहे. मी अशी सहामाही सिंगापूरमध्ये, बँकिंग विभागात काढली. शिकायला निश्चित मिळते. मात्र अर्ज शहर पाहून नव्हे, तर तिथला विभाग आणि पर्यवेक्षक पाहून करावा.

लंडनमध्ये पार्टनर आणि प्रशिक्षणार्थी यांच्यामध्ये असोसिएट वकिलांची मोठी उतरंड असते, तर लहान कार्यालयात तिच्यातल्या बऱ्याच पायऱ्या नसतातच. त्यामुळे कर्ज वितरणापूर्वीच्या अटींची यादी सांभाळणे, सह्यांची पाने गोळा करणे ही कामे सुटत नाहीत, परंतु संचालक मंडळाचा ठराव अपुरा का आहे हे समोरच्या वकिलाला फोनवर सांगण्याची वेळही आपल्यावरच येते.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इंग्लिश कायद्याची मर्यादा तिथे रोजच्या कामात दिसते. कर्जदार इंडोनेशियातील असेल, तर मुख्य करार इंग्लिश कायद्याखाली करता येतो. पण तारण तिथल्या जमिनीचे असल्यास त्याचे दस्तऐवज तिथल्याच कायद्यानुसार, स्थानिक वकिलांकडून करून घ्यावे लागतात. त्या देशाच्या 2009 च्या 24 क्रमांकाच्या कायद्यानुसार इंडोनेशियन पक्ष असलेला करार इंडोनेशियन भाषेतही असावा लागतो, आणि 2013 मध्ये पश्चिम जकार्ताच्या जिल्हा न्यायालयाने केवळ इंग्रजीत केलेला एक कर्जकरार याच कारणावरून रद्दबातल ठरवला. असा निकाल वाचल्यावर स्थानिक वकिलांचे अभिमतपत्र, म्हणजे करार तिथल्या कायद्यानुसार वैध आहे का याविषयीचे त्यांचे लेखी मत, हा निव्वळ सोपस्कार वाटेनासा होतो, आणि त्यातील अपवादांचा परिच्छेद आपण सर्वांत आधी वाचू लागतो.

कामाच्या वेळांबद्दल भ्रम नसावा. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सिंगापूरमध्ये दुपारचे चार, हिवाळ्यात पाच, वाजलेले असतात. त्यामुळे लंडनशी जोडलेल्या व्यवहारात दिवसाचा दुसरा भाग संध्याकाळीच सुरू होतो. घराची व्यवस्था बहुधा फर्म करते, तो प्रश्न गौण आहे.

एसक्यूई (इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्यासाठीची परीक्षा) पद्धतीने पात्र होणार असाल, तर परदेशातील कामही त्यासाठी लागणाऱ्या दोन वर्षांच्या अनुभवात धरता येते, फक्त ते प्रमाणित करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती, उदाहरणार्थ इंग्लंड आणि वेल्सचा सॉलिसिटर, कोण असेल हे जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे. प्रशिक्षणाच्या चार सहामाहींपैकी शेवटची परदेशात घेणे मी टाळेन, कारण प्रशिक्षणानंतर कोणाला कोणत्या विभागात कायम करायचे याचे निर्णय साधारणपणे त्याच काळात होतात आणि ज्या विभागात आपल्याला जागा हवी असते त्याच्या नजरेआड राहणे तेव्हा परवडत नाही. तिसरी सहामाही मला सर्वांत सोयीची वाटते. अर्थात, सिंगापूरच्याच कार्यालयात पुढे नोकरी करायची असेल, तर मात्र शेवटचीच मागावी.