भिंतीसकट हललेली चित्रं

प्रश्न : चीनमधल्या योंगल गोंग या ताओ मंदिरातली भित्तिचित्रं दुसऱ्या जागी नेली म्हणे. ओल्या गिलाव्यावरचा रंग उखडला कसा नाही?

उत्तर : मुळात गिलावा ओला नव्हताच. मातीचा लेप वाळल्यावर सरसात कालवलेले खनिज रंग दिलेत, त्यामुळे खरी भीती पाण्याची. सानछिंग या मुख्य दालनातली चित्रं १३२५ सालची, चार मीटरहून उंच, जवळजवळ तीनशे देवदेवतांची. मुकुट-दागिन्यांच्या रेषा नळीतून लगदा पिळून उठावदार केल्या, वर सोन्याचा वर्ख; तिरप्या उजेडात पाहाव्यात.

पिवळ्या नदीवरच्या सानमेनश्या धरणात जुनी जागा बुडणार होती, म्हणून १९५९ पासून मंदिर रुइछंग शहराजवळ हलवलं. शक्यतो चेहरे टाळून काप आखले, लेप करवतीनं भिंतीपासून सोडवला, पाठ घासून पातळ केली, लाकडी चौकटींवर बसवली. सांधे नंतर रंगवले, तरी जवळून ओळखू येतातच.