लेकीचे खेळाचे पैसे कोणाच्या हाती?

प्रश्न: आमची मुलगी अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वात वरची श्रेणी) विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते. वय १९, नुकतीच सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, झाली, जन्माने अमेरिकी नागरिक. ट्यूशन स्कॉलरशिपमध्ये भागते. या ऑगस्टपासून विद्यापीठ तिला दरमहा १,५०० डॉलर देतंय, शिवाय एका क्रीडासाहित्याच्या दुकानाशी वर्षाला ६,००० डॉलरचा करार झाला आहे. ह्यांचं म्हणणं, पैसे आपल्या खात्यात घ्यावेत आणि ओळखीचे एक गृहस्थ सुचवतात ती इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाशी जोडलेली बचत एकत्र) तिच्या नावाने काढून महिना ५०० डॉलर भरावेत. मुलगी म्हणते, माझे पैसे मी बघते. कोणाचं ऐकावं?

उत्तर: मुलीचं. पैसे तिच्याच खात्यात येऊ द्या आणि पॉलिसी काढू नका. मात्र "मी बघते" म्हणजे नेमकं काय बघणार, हे तिच्याकडून वदवून घ्या.

आधी टॅक्स, कारण बहुतेक घरी इथेच गफलत होते. "विद्यार्थिनीला कसला टॅक्स?" असं तुमच्या घरीही कोणी म्हणालंच असेल. खेळाडूला नाव, चेहरा आणि ओळख वापरू देण्याचे पैसे, म्हणजे एनआयएल, घ्यायला एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने १ जुलै २०२१ पासून मुभा दिली. विद्यापीठांनी स्वतःच्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देणं १ जुलै २०२५ पासून सुरू झालं. दोन्हीकडे खेळाडूला साधारणपणे नोकरदार धरत नाहीत, स्वतंत्र व्यावसायिक धरतात. म्हणून नोकरदाराच्या डब्ल्यू-२ ऐवजी स्वतंत्र कमाईचा १०९९ फॉर्म येतो आणि पैशातून टॅक्स आधी कापलेला नसतो.

पूर्ण वर्षाचे २४,००० डॉलर धरू. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, गेल्यावर फेडरल इन्कम टॅक्स जेमतेम पाच-सहाशे डॉलर निघतो. पण सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) यांच्यासाठीचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के दराने सुमारे ३,४०० डॉलर होतो आणि त्याला स्टँडर्ड डिडक्शनचा आधार नाही. निव्वळ कमाई ४०० डॉलरच्या वर गेली की तो लागतोच. एकूण ४,००० च्या आसपास, राज्याचा टॅक्स असेल तर तो वेगळा. पैसे वडिलांच्या खात्यात घेतले तरी १०९९ तिच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर येणार आणि रिटर्न तिलाच भरावा लागणार. वाचणार काहीच नाही, वर दोन खात्यांतला हिशेब जुळवत बसा!

तेव्हा दर महिन्याला १,५०० आले की त्याच दिवशी ३७५ डॉलर तिने स्वतः वेगळ्या बचत खात्यात टाकावेत. त्या खात्याचं नावच "टॅक्स" ठेवावं. दुकानाच्या पैशांनाही हाच नियम. या खात्यातून तिने तिमाही अंदाजित टॅक्स भरायचा. तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. गेल्या वर्षी तिचा टॅक्स शून्य असेल, तर या वर्षी हप्ते न भरल्याचा फेडरल दंड लागणार नाही. तरीही पुढचा हप्ता भरायला लावा. आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) डायरेक्ट पे या ऑनलाइन भरण्याच्या पानावर कारण म्हणून "एस्टिमेटेड टॅक्स" निवडायचं, मग वर्ष. जानेवारीच्या हप्त्याला हमखास चूक होते. पैसे नव्या वर्षात भरतोय म्हणून माणूस नवं वर्ष निवडतो, आणि हप्ता असतो सरलेल्या वर्षाचा. तुम्ही शेजारी बसा, माऊस मात्र तिच्या हातात.

ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनच्या विद्यापीठांना खेळाडूंसाठी आर्थिक साक्षरतेचं प्रशिक्षण उपलब्ध करून द्यावं लागतं. तिने ते जरूर करावं. पण सरावाने दमलेल्या पोरांना संध्याकाळी स्लाइड दाखवून फार काही पोचतं असं मला वाटत नाही. स्वतःच्या खात्यातून ३७५ डॉलर जाताना दिसले की तोच विषय चटकन कळतो.

आता पॉलिसी. आयुर्विमा कोणासाठी घ्यायचा? आपल्या कमाईवर पोट असलेल्या माणसासाठी. तिच्यावर आज कोणीही अवलंबून नाही. महिन्याच्या १,५०० मधून टॅक्सचे ३७५ आणि हप्त्याचे ५०० गेले की उरतात ६२५. बरं, हे उत्पन्न टिकेल याची खात्री काय? गुडघा दुखावला, कोच बदलला, विद्यापीठ बदललं, की ते आटू शकतं. हप्ते थांबले तरी विम्याचा खर्च साठलेल्या रकमेतून वळता होत राहतो आणि शेवटी पॉलिसी बंद पडते. मोडायला गेलात तर सुरुवातीची बरीच वर्षं सरेंडर चार्ज, म्हणजे मुदतीआधी मोडल्याची कपात, असते. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांतला मोठा वाटा एजंटच्या कमिशनचा असतो, हेही विसरू नका.

ते गृहस्थ सांगतील की पॉलिसीतली रक्कम फाफ्साच्या, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जाच्या, फॉर्ममध्ये मोजत नाहीत. खरं आहे. पण रॉथ आयआरए या निवृत्ती बचत खात्यातली शिल्लकही मोजत नाहीत, आणि तिथे भरलेली मूळ रक्कम केव्हाही टॅक्स-दंडाशिवाय काढता येते. २०२६ साठी त्यात भरण्याची वार्षिक मर्यादा ७,५०० डॉलर आहे. तिने महिना २०० डॉलरपासून सुरुवात करावी, साध्या इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकामागे चालणारा स्वस्त फंड). त्याआधी तीन-चार हजार हाताशी साठले तर उत्तम. गरजेवर आधारित मदत मिळत असेल तर आणखी एक गोष्ट: फाफ्सा दोन वर्षांमागचं उत्पन्न बघतो, त्यामुळे यंदाची कमाई तिच्या शेवटच्या वर्षाच्या फॉर्मवर येईल. मदत कमी होऊ शकते, आर्थिक मदत कार्यालयाला आत्ताच विचारून ठेवा.

मुलगी पैसे उडवेल, ही तिच्या वडिलांना वाटणारी भीती मी मोडीत काढत नाही. पण या वयात मोठं नुकसान कॉफी आणि बुटांवर होत नाही, ते सहीवर होतं. फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू जर्व्हन डेक्स्टर याने २०२२ मध्ये ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या पुढच्या कमाईचा १५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी लिहून दिला, तोही टॅक्सपूर्वीच्या रकमेवर. पुढच्या वर्षी एनएफएलच्या शिकागो बेअर्स संघाने त्याला निवडलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणून दुकानाचा करार तिला मोठ्याने वाचायला सांगा. फोटो किती काळ वापरणार? "कायमस्वरूपी" लिहिलं असेल तर मुदत घालून घ्या. दुसऱ्या ब्रँडला मनाई आहे का? भविष्यातल्या कमाईची टक्केवारी कुठे दडली आहे का? आणि ६०० डॉलर किंवा अधिकचा असा बाहेरचा करार एनआयएल गो या करार तपासणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेत नोंदवावा लागतो, तो नोंदवलाय का?

जाता जाता इतर पालकांसाठी: मूल एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर यातलं काहीही परस्पर करू नका. इमिग्रेशन वकिलाला भेटल्याशिवाय सही नको.

उरलेल्या पैशांचं ती काय करते, ते तिच्यावर सोडा. महिन्यातून एकदा तिने खाती उघडून दाखवावीत, एवढंच ठरवा. संयुक्त खातं नको.

आणि पॉलिसीचा अर्ज एव्हाना भरून झाला असेल, तर कागदांत "फ्री लुक"ची मुदत शोधा. बहुतेक राज्यांत पॉलिसी हातात पडल्यापासून किमान दहा दिवस मिळतात. त्या मुदतीत लेखी रद्द केली तर भरलेले पैसे परत मिळतात. पत्र तिच्या सहीने जाऊ द्या.