‘ओपन’ सकर्मक की अकर्मक?

एका वाचकांनी विचारले आहे : “क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळाले तर ते सकर्मक समजावे, असे आम्ही शाळेत शिकलो. मग ‘ही वेन्ट होम’ या वाक्यात ‘होम’ हे कर्म का नाही? आणि ‘ओपन’सारख्या क्रियापदापुढे इंग्रजी शब्दकोशात सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही खुणा कशा असतात?”

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे, म्हणून तो आधी घेतो. सकर्मकपणा हा शब्दाला कायमचा चिकटलेला गुण नव्हे. एखाद्या वाक्यात ते क्रियापद कर्म घेते की नाही, यावर तो ठरतो. ‘ही ओपन्ड द डोअर’ यात उघडणारा निराळा आणि उघडली जाणारी वस्तू निराळी आहे, म्हणून ‘ओपन’ सकर्मक. ‘द डोअर ओपन्ड’ यात दार स्वतःच कर्त्याच्या जागी येऊन बसले आहे, म्हणून तेच क्रियापद अकर्मक. मेट्रोत ‘दरवाजे डावीकडे उघडतील’ असे ऐकताना दरवाजे कोण उघडणार, हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही, कारण तिथे ‘उघडणे’ अकर्मक आहे. ‘शिपायाने दार उघडले’ म्हटले की तेच सकर्मक होते. मराठी व्याकरणात अशा क्रियापदांना उभयविध म्हणतात, आणि मोडणे, आठवणे ही त्याच वर्गातली. फरक एवढाच, की भूतकाळात ‘शिपायाने’मधला ‘ने’ आपल्याला सहसा सावध करतो; इंग्रजीत असा प्रत्यय नसल्यामुळे नाम क्रियापदाच्या आधी आहे की नंतर, यावरच सारी भिस्त असते.

मराठीत मात्र अशा कामासाठी बहुधा दोन वेगळी रूपे असतात : पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे. इंग्रजीतही एके काळी ही रीत होती आणि तिचे अवशेष आजही सापडतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे पाडणे. ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी झाड पाडले. इंग्रजी ज्या कुळातली आहे त्या जुन्या जर्मानिक भाषांत धातूला प्रत्यय जोडून प्रयोजक, म्हणजे ती क्रिया घडवून आणण्याचा अर्थ देणारे, क्रियापद बनत असे. त्या प्रत्ययातील य-काराच्या प्रभावाने आधीचा स्वर बदलला, पुढे प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर तेवढा उरला. संस्कृतात ‘पतति’चे प्रयोजक रूप ‘पातयति’ होते. त्यातील ‘अय’ आणि तो जर्मानिक प्रत्यय यांचे मूळ एकच आहे. ‘पडणे–पाडणे’ आणि ‘फॉल–फेल’ या जोड्यांमागची घडण अशी थेट एका कुळातली आहे. ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, ही जोडीही तशीच. पण ‘लाय’चे भूतकाळी रूपही ‘ले’च होत असल्यामुळे इंग्रजी मातृभाषा असणारेसुद्धा तिथे अडखळतात.

आता ‘ही वेन्ट होम’. इथे ‘होम’ हे ‘काय?’चे उत्तर नाही, ‘कुठे?’चे आहे, ते स्थळवाचक क्रियाविशेषण आहे. शंका उरली तर कर्मणी प्रयोग करून पाहावा. ‘द डोअर वॉज ओपन्ड’ हे वाक्य सहज होते, ‘होम वॉज गॉन’ असे या अर्थाने होतच नाही. ही कसोटी सर्वत्र लागत नाही, कारण ‘शी हॅज अ कार’ यात ‘हॅव’ सकर्मक असूनही त्याचा कर्मणी होत नाही. तरी बहुतेक ठिकाणी तिने निकाल लागतो.

मात्र इंग्रजी क्रियापद कर्म घेते की नाही, हा प्रश्न त्याच्या मराठी भाषांतराला विचारू नये. आपल्या बऱ्याच चुका तिथूनच येतात. आपण ‘विषयावर चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावतो. ‘त्याच्याशी लग्न’ करतो, म्हणून ‘मॅरीड विथ हिम’ लिहितो. इंग्रजीत ही दोन्ही क्रियापदे थेट कर्म घेतात. उलट आपण ‘गाणे ऐकतो’, पण ‘लिसन’ अकर्मक असल्यामुळे त्याला ‘टू’ लागतो. ‘एन्जॉय’ची अडचण याहून बारीक आहे. ‘आम्ही मजा केली’ या वाक्यात ‘मजा’ हे कर्म आधीच आलेले असते, म्हणून ‘वी एन्जॉइड’ एवढ्यावर थांबलो तरी आपल्या कानाला वाक्य पुरे वाटते. प्रमाण इंग्रजीत मात्र तिथे कर्माची जागा रिकामी राहते. ती ‘द ट्रिप’ने भरावी, आणि सांगण्याजोगे नाम नसेल तर ‘अवरसेल्व्ह्ज’ने.