मोक्षासाठी सोपा मार्ग धरावा की कठीण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी-संसार सांभाळून सकाळी जेमतेम अर्धा तास मिळतो. त्यात नामस्मरण करावं की प्राणायाम-ध्यानाचा योगमार्ग धरावा? आणि नाम इतकं सोपं असेल, तर त्यानं खरंच मोक्ष मिळतो का?

अर्धाच तास असेल तर नाम धरा. मात्र ‘सोपं’ म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

तुकोबा विठोबाची आण वाहून सांगतात की याहून सोपं साधन नाही, त्यासाठी रानात जायला नको. तेच तुकोबा दुसऱ्या अभंगात भक्तीला सुळावरची पोळी, म्हणजे फार अवघड गोष्ट म्हणतात. दोन्ही खरं आहे. नामाला जात, वय, शिक्षण, मुहूर्त, आसन यातलं काहीच आडवं येत नाही, म्हणून सुरुवात सोपी. अवघड आहे ते पुढचं: तेच नाम, रोज, कंटाळा आला तरी, आणि वागणंही त्याला शोभेल असं.

गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुनानं जवळपास तुमचाच प्रश्न विचारलाय. श्रीकृष्णाचं उत्तर असं, की अव्यक्ताची, म्हणजे निराकार ब्रह्माची, उपासना करणारेही मलाच येऊन मिळतात, पण देहधारी माणसाला त्या वाटेत क्लेश अधिक. ‘मी म्हणजे हे शरीर’ ही समजूत पक्की असताना निराकारावर मन ठेवायचं, तर मनाला धरायला काही सापडतच नाही. ज्ञानदेव यावर विचारतात, लोखंडाचे चणे चावून पोट भरेल की प्राण जाईल? आणि हे योग न कळणाऱ्या माणसाचं बोलणं नव्हे. ज्ञानदेव योगमार्गी नाथपंथातले, शके 1212 मधल्या याच ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी कुंडलिनीचं बारीकसारीक वर्णन केलंय.

त्याच बाराव्या अध्यायात, 8 ते 12 या श्लोकांत, पायऱ्याही दिल्यात. मन-बुद्धी माझ्यात ठेव. जमत नसेल तर अभ्यास कर. तोही झेपत नसेल तर माझ्यासाठी कर्मं कर. तेही नाही तर निदान फळाची आशा सोड. अभ्यासाच्या पायरीवर ज्ञानदेवांनी दिलेली सवलत मला सगळ्यात कामाची वाटते: आठ प्रहरांतलं एक निमिषभर मन दे. पुनवेपासून चंद्र जसा कलेकलेनं कमी होत अवसेला दिसेनासा होतो, तसं विषयांतलं मन हळूहळू निघतं. थोडक्यात, मात्रा छोटी चालेल, खंड चालणार नाही. योगसूत्रं लिहिणारे पतंजलीही अभ्यासाला दीर्घकाळ, अखंड आणि आदरानं अशाच अटी घालतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं? 108 मण्यांची तुळशीची जपमाळ घ्या. अंगठा आणि मधल्या बोटानं मणी ओढा, तर्जनी लावू नका. मेरुमणी (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा. ‘रामकृष्णहरि’ सावकाश म्हटलं तर एका माळेला चारेक मिनिटं लागतात. पहिले तीन महिने रोज तीनच माळा करा, उरलेल्या वेळात हरिपाठाचे जमतील तेवढे अभंग म्हणा. सुरुवातीला जप स्वतःच्या कानावर पडेल एवढ्या आवाजात करा. एकदम मानसजपाला, म्हणजे मनातल्या मनात जप करायला, बसलात तर दहाव्या मिनिटाला डुलकी येते किंवा ऑफिसचं काम डोक्यात सुरू होतं. मन भटकलं म्हणून माळ पहिल्यापासून सुरू करू नका; ज्या मण्यावर लक्षात आलं तिथून पुढे चला.

बिघडतं ते ठरलेल्या तीन ठिकाणी. आकड्याचा नाद लागतो आणि नाम घाईत गिळलं जातं. दर महिन्याला कुणीतरी नवा मंत्र सांगतं आणि साधक बदलत राहतो. दहा ठिकाणी हातभर खणून पाणी लागत नाही. तिसरं सर्वांत वाईट: नाम घेतोच आहोत, मग थोडं खोटंनाटं चालेल, असं वाटू लागतं. नामाच्या बळावर पाप करणं हा परंपरेनं सांगितलेल्या दहा नामापराधांपैकी एक आहे.

योगाची ओढच असेल तर आसनं आणि साधा संथ श्वास खुशाल करा. कुंभक (श्वास रोखून धरणं) मात्र पुस्तक किंवा व्हिडिओ पाहून नको. हठयोगाचे ग्रंथच सांगतात की सिंह किंवा हत्ती माणसाळवतात तसा प्राण हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखण्याच्या वाटेला जाऊच नका. आणि कठीण मार्ग म्हणजे वरचा दर्जा, ही समजूतही सोडा. चौदाशे वर्षं योग केलेल्या चांगदेवांचं कोरं पत्र पाहून मुक्ताबाई काय म्हणाल्या ती आख्यायिका तुम्हाला माहीत असेलच: एवढी वर्षं जगून कोरेच राहिले.

गळ्यात वारकऱ्यांची तुळशीची माळ घालायची घाई नको. ती घातली की मद्य-मांस सुटतं, रोजचा हरिपाठ, वर्षातल्या 24 एकादश्या (अधिक महिना आला की 26) आणि पंढरीची वारी अंगावर येते. वर्षभर नेम टिकला, की मग एखाद्या जुन्या वारकऱ्याला विचारा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर एकादशीला निर्जळ राहू नका. डॉक्टरांना विचारून फराळ ठरवा.