चाळिशीनंतरचं कॉलेज आणि न संपणारी कादंबरी

"मॅडम, वाचलेलं डोक्यात राहतच नाही. वय झालं, आता अभ्यास जमायचा नाही." संसार आणि नोकरी सांभाळून अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायला निघालेल्या माणसांकडून ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांत ती जास्त, आणि त्यातही कादंबरीच्या पेपरला. कविता दोन पानांत संपते, नाटक एका बैठकीत वाचून होतं. जाडजूड कादंबरी मात्र उशाशी पडून राहते आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 47. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथेच थांबलं. मुलगी इंजिनियरिंगला गेली तेव्हा यांनीही मराठी घेऊन बी.ए.ला नाव घातलं. अभ्यासक्रमात हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?', विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आणि भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला'. वर्गातली मुलं विशी-बाविशीची. ती गाइड वाचून, मोबाइलवर सारांश ऐकून मोकळी होत. ताई मूळ पुस्तक घेऊन बसत आणि पहिल्याच कादंबरीच्या मध्यावर अडकल्या. तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचं, दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. त्यात कुणीतरी मनात भरवलं होतं की हा विसरण्याचा मोठा आजार तर नव्हे? त्या भीतीपायी त्या माझ्याकडे आल्या होत्या.

आधी शरीराचं बघावं, हे मी नेहमीच सांगते. झोप किती, पाळीचं काय, थायरॉइड, बी-12, रक्त कमी आहे का. पाळी जायच्या वयात झोप मोडते, लक्ष उडतं, शब्द ओठांवर येऊन अडतो. अनेक बायका त्याला वेडाची सुरुवात समजून घाबरतात. ताईंचं रक्त ठीक निघालं, पण झोप जेमतेम पाच तास होती आणि चष्म्याचा नंबर कित्येक वर्षांत तपासलेला नव्हता. रात्री अकरानंतर, मंद दिव्याखाली, बारीक टाइपातलं पुस्तक. अशा वेळी कुणाच्याही डोक्यात काय राहणार?

ओळखीची वाट चुकणं, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने विचारणं, रोजचा स्वयंपाक करताना क्रम विसरणं, असं काही असतं तर मी त्यांना सरळ डॉक्टरकडे धाडलं असतं. यातलं काहीच नव्हतं. घरातल्या सगळ्यांची औषधं, दूधवाल्याचा हिशेब, गॅसची तारीख त्यांच्या डोक्यातच होती.

मग मी त्यांना पिशवीतून पुस्तक काढायला सांगितलं. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा. "आता हे मिटा आणि इथवर काय झालं ते मला सांगा."

"मला नाही येणार."

"येईल तेवढं सांगा."

त्या सांगायला लागल्या आणि थांबेचनात. आपट्यांच्या कादंबरीची नायिका यमू, तिचं माहेर, भाऊ, आई गेल्यानंतरचं घर, मैत्रीण दुर्गी आणि तिचे हाल, सासरचे शंकरमामंजी, नवऱ्याबरोबर मुंबईला मिळालेले थोडे सुखाचे दिवस. कोण कुणाचं काय लागतं यात एकही चूक नाही. कोण कसं बोलतं तेही आवाज बदलून सांगत होत्या. सांगून झाल्यावर त्याच चकित झाल्या.

आपल्याला विसर पडतो असं त्यांनी ठरवलं होतं, ते पुन्हा पुन्हा वाचलेलं पानही दुसऱ्या दिवशी कोरं वाटे म्हणून. पण नुसतं पुन्हा पुन्हा वाचणं हा लक्षात ठेवण्याचा कच्चा मार्ग आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परत परत वाचताना आपल्याला जमल्यासारखं वाटतं, तो भास टिकत नाही.

ताई म्हणाल्या, "देवळातल्या भजनाचे अभंग तर पुस्तक न बघता येतात मला. पण ते वेगळं ना?" वेगळं अजिबात नाही. दर आठवड्याला पुस्तक न उघडता, मोठ्याने, चारचौघींबरोबर त्या अभंग आठवून म्हणतात. कादंबरी मात्र एकट्याने, मनातल्या मनात, झोपेच्या उंबरठ्यावर वाचत होत्या.

आपल्याकडे गोव्यात आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. घरात कोंकणी, शाळेत-देवळात-वर्तमानपत्रात मराठी. ही मराठी आपलीच, पण सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या पुण्याच्या वाड्यातलं लांबलचक, वळणावळणाचं वाक्य डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं. मोठ्याने वाचलं की तेच वाक्य सुटतं, कारण ती यमूने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली कहाणी आहे. शिवाय ही कादंबरी आधी आपट्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून 1890 पासून हप्त्याहप्त्याने आली, पुस्तक नंतर झालं. पहिल्या वाचकांनी ती थांबत थांबतच वाचली होती. परीक्षेआधीच्या दोन रात्रींत ती संपवायचा हट्ट आपला.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं: पहाटे, नवा चष्मा लावून, एक प्रकरण मोठ्याने वाचायचं. दुपारी भाजी चिरताना ते सासूबाईंना सांगायचं. दुसऱ्या दिवशी पुढचं पान उघडण्याआधी कालचं पाच ओळींत लिहायचं. शेवटच्या पानावर नात्यांचा वंशवृक्ष काढायचा. सासूबाईंना गोष्टीची इतकी गोडी लागली की त्याच विचारू लागल्या, "आज वाचलंस की नाही गे?"

पण त्या अडकल्या होत्या ते पान यानेही सुटलं नाही. नवरा गेल्यावर यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं, तो भाग. त्याच्या अलीकडे येऊन त्या पुस्तक मिटत. मी कारण विचारलं नाही. पुढे एकदा त्यांनीच सांगितलं. लहानपणी घरात वडिलांच्या म्हाताऱ्या आत्या होत्या. विधवांचं लाल आलवण, डोक्यावर ओढलेला पदर. रोज सकाळी त्या या मुलीला ओसरीवर समोर बसवायच्या, खोबरेल चोळून केस विंचरायच्या, घट्ट दोन वेण्या घालायच्या आणि वर अबोलीचा वळेसर माळायच्या. पदराखाली काय आहे हे घरात कुणी बोललं नाही, हिनेही कधी विचारलं नाही. "त्यांच्या हातांना माझे केस किती वर्षं..." एवढं म्हणून त्या खूप रडल्या.

याला नैराश्य म्हणायची घाई मी करत नाही. झोप-भूक उडाली, कामातून मन उठलं, रडू रोज आणि दिवसभर असलं तर गोष्ट निराळी. इथे एक बाई चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रेमळ माणसाचं दुःख पहिल्यांदा ओळखत होती. ते व्हायला वेळ लागतो आणि तो द्यावा. विशीतली मुलगी तोच भाग तासाभरात वाचून 'सामाजिक प्रथेचं चित्रण' असं लिहून पुढे जाते, यात तिचा दोष नाही; तिच्यापाशी अजून ती ओसरी नाही. मी ताईंना इतकंच सुचवलं की आधी आत्यांबद्दल आठवेल ते वहीत लिहा, मग ते पान वाचा. त्यांनी ते लिहिलं आणि मग पान वाचलं.

'रणांगण' त्यांनी मानाने लवकर संपवली. 1939 ची छोटी कादंबरी, युरोपातून परतणाऱ्या बोटीवरची. तिथे त्यांना माझी गरज लागली नाही.

'कोसला'शी मात्र कडाक्याचं भांडण झालं. वर्गातली मुलं तिच्या नायकावर, पांडुरंग सांगवीकरवर, फिदा. ताईंना त्याचा राग येई. "बाप गावाकडून पैसे पाठवतोय आणि हा उडवतोय! मला त्या बापाचंच वाईट वाटत राहतं. म्हणजे मला कादंबरी कळलीच नाही ना?" मी म्हटलं, नेमाड्यांचा जन्म 1938 चा आणि कादंबरी आली 1963 मध्ये. पंचविशीतल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक तुम्ही आई होऊन, होस्टेलची फी भरत वाचताय. तुम्हाला वडील जास्त दिसणारच. पांडुरंगची धाकटी बहीण मरण पावते तो भाग कसा वाटला, असं विचारल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तिथे पहिल्यांदा तो मला माझ्या पोरासारखा वाटला."

हे वर्गात बोला, असा आग्रह मी धरला. वयाने मोठे विद्यार्थी वर्गात गप्प बसतात, चुकलो तर मुलं हसतील म्हणून. त्या धीर करून बोलल्या. कुणी हसलं नाही; दोघा मुलांनी जोरात वाद घातला आणि शिक्षिकेने त्यांना असाइनमेंटला हाच विषय घ्यायला सांगितलं. अट एकच, "मला वाटतं" पुरणार नाही, प्रत्येक मुद्द्याला कादंबरीतला आधार हवा. त्यासाठी ताई सध्या 'कोसला' पुन्हा वाचताहेत, या वेळी वडील जिथे जिथे येतात तेवढीच पानं, आणि प्रत्येक पानाचा नंबर वहीत टिपून घेताहेत.